सालूमच्या खाडीतले ऑस्प्रे: हिवाळी मागोव्याच्या नोंदी, २०२४-२५

१२ नोव्हेंबर २०२४, तुबाकुता, सेनेगल

होडी ठरली, राष्ट्रीय उद्यानाचं परवानगीपत्र हातात आलं, स्कोपची, म्हणजे लांबचं पाहायच्या दुर्बिणीची, तिपाई दुरुस्त झाली. उद्या पहाटे पहिली फेरी. आज बसून टॅगची, म्हणजे पक्ष्यांच्या पाठीवरच्या मागोवा यंत्रांची, स्थिती लिहून ठेवते.

या मोसमात आमच्या यादीत चार ऑस्प्रे, म्हणजे मासे मारून जगणारे शिकारी पक्षी, होते. सात नंबर ही स्कॉटलंडमध्ये वीण करणारी प्रौढ मादी. डाव्या पायात ओळखीच्या अक्षरांची निळी कडी, पाठीवर सौर टॅग. अकरा नंबर तिचा जोडीदार. उन्हाळ्यात दोघं एकाच घरट्यावर असतात, हिवाळ्यात मात्र ती इथे सालूम नदीच्या त्रिभुज प्रदेशात आणि तो इथून अडीचशे किलोमीटर उत्तरेला, सेंट-लुईच्या दक्षिणेच्या किनाऱ्यावर. ऑस्प्रेंच्या जोड्या हिवाळा एकत्र काढत नाहीत. एकोणीस आणि बावीस ही वेगवेगळ्या घरट्यांतली याच वर्षीची पिल्लं. जुलैत, पंख फुटून उडण्याच्या थोडं आधी, घरट्यातच त्यांना टॅग लावले.

बावीस आता नाही. सप्टेंबरात मोरोक्को ओलांडून तो मॉरिटानियाच्या वाळवंटात शिरला. रोजची मजल कमी कमी होत गेली आणि मग बिंदू एकाच जागी थांबला. दिवसा टॅगचं तापमान चढायचं, रात्री उतरायचं, हालचाल काहीच नाही. जिवंत पक्ष्याच्या अंगावरचा टॅग असं वागत नाही. त्याचा टॅग आर्गोस प्रणालीतला, म्हणजे साडेआठशे किलोमीटर उंचीवरून ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहांना थेट संदेश देणारा, म्हणून वाळवंटातूनही एवढं कळलं. बाकी तिघांचे टॅग मोबाइल नेटवर्कवर चालतात. जागा जीपीएस उपग्रहांवरून ठरते, टॅगमध्ये साठत जाते आणि नेटवर्क मिळालं की सगळा साठा एकदम येतो. सहारात नेटवर्क नाही, त्यामुळे दर शरदात आम्ही काही दिवस आंधळे असतो. पहिल्या वर्षी बहुतेक पिल्लं मरतात हे या कामात आल्यापासून माहीत आहे, तरी बावीसची फाइल बंद करताना हात जड झाला.

टॅगची पट्टी टेफ्लॉनची असते आणि छातीवर ती साध्या सुती धाग्यानं शिवलेली असते. काही वर्षांत धागा कुजतो, टॅग आपोआप गळून पडतो. वजन पक्ष्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आत. नव्यानं गटात आलेले लोक हे आधी विचारतात, म्हणून इथे लिहून ठेवलं.

१३ नोव्हेंबर

नकाशावर सात नंबरचे बिंदू तीन ठिकाणी गोळा होतात. सर्वांत दाट पुंजका उपग्रहाच्या छायाचित्रावर भर पाण्यात दिसतो. पक्षी पाच-पाच तास पाण्यावर कसा बसेल? जागेवर गेल्यावर उत्तर समोर होतं. बांदियाला या खाडीच्या एका फाट्याच्या तोंडाशी कांदळाचं मेलेलं झाड उभं आहे. साल गेलेलं, वरची एकच फांदी शिल्लक, भरतीला चहूबाजूंनी पाणी. छायाचित्रात ते एका ठिपक्याएवढंही उमटत नाही. ती त्याच्यावर बसलेली होती.

दुसरा पुंजका शिंपल्यांच्या बेटावरच्या गोरखचिंचेवर. ही बेटं माणसांनी केलेली आहेत. शेकडो वर्षं खाडीतले शिंपले काढून, आतलं मांस काढून घेऊन टाकलेल्या कवचांचे ढीग, त्यावर आता गोरखचिंचा वाढल्या आहेत. २०११ मध्ये या त्रिभुज प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली ती प्रामुख्यानं या ढिगांमुळे. आजूबाजूचं सगळं कांदळवन बुटकं आणि सपाट, त्यामुळे या ढिगांवरची झाडं हीच इथली उंच जागा. तिसरा पुंजका फाट्याच्या आतल्या वळणावर, तिथे ती रात्री झोपते.

तिन्ही जागा मिळून दोन किलोमीटरच्या आत. संध्याकाळी गेल्या हिवाळ्याचे बिंदू यावर चढवून पाहिले. तेच झाड, तीच गोरखचिंच, तेच वळण. पाच हजार किलोमीटर उडून ही मादी एका मेलेल्या झाडाच्या एका फांदीवर परत येते. ते झाड कोणी सरपणासाठी तोडलं तर काय, हा प्रश्न आजपासून माझ्या डोक्यात आहे.

१७ नोव्हेंबर

परवा पौर्णिमा झाली, आज उधाण. सकाळच्या भरतीला पाणी कांदळांच्या मुळांत आतवर शिरलं आणि बोय मासे त्याच्यासोबत आत गेले. सात नंबर जागची हलली नाही. भरती पूर्ण होऊन पाणी तासभर उतरेपर्यंत ती पिसं साफ करत बसून होती. मग फाट्याच्या तोंडाशी पाण्यावर बारीक थरथर दिसू लागली. आत गेलेले बोय ओहोटीबरोबर एकाच अरुंद वाटेनं बाहेर येत होते.

ती उठली, वीसेक मीटर उंचीवर गेली, एका जागी पंख मारत थांबली. पहिली झेप मध्येच सोडून दिली. दुसऱ्या वेळी पंख मागे ओढून, पाय डोक्याच्या पुढे काढून सरळ पाण्यात. क्षणभर फक्त पंखांची टोकं वर. मग एक जोराचा झटका, अंगभर हिसडा देऊन पाणी झटकणं, आणि मासा पायांत. पकडताना तो आडवा होता, दहा-बारा पंखमारांत तिनं तो फिरवून डोकं पुढे, शेपूट मागे असा लांबीत धरला. तसा धरला की वाऱ्याला अडथळा कमी.

फांदीवर नेऊन डोक्यापासून खायला सुरुवात केली. तास उलटून गेला तरी ती खातच होती. अधूनमधून घारी यायच्या, दोन चकरा मारायच्या, ती पंख अर्धे उघडून माशावर झुकायची. शेवटी शेपटीचा तुकडा खाली पडला तो एका खेकड्यानं नेला. खाऊन झाल्यावर ती पाण्याच्या अगदी वरून उडत गेली आणि दोन्ही पाय पाण्यात ओढत नेले. पाय धुतले, परत झाडावर. त्यानंतर अंधार पडेपर्यंत काहीच नाही.

टॅगच्या भाषेत या सगळ्या दिवसाचं वर्णन असं: वेग शून्य, शून्य, शून्य, सात मिनिटं हालचाल, शून्य. ऑस्प्रेला दिवसाला साधारण ३०० ते ४०० ग्रॅम मासा पुरतो. एक चांगला बोय मिळाला की त्या दिवसाचं काम संपलं. हिवाळ्याचा बहुतेक वेळ बसण्यात जातो, आणि पुढच्या विणीसाठी शरीर याच बसण्यातून उभं राहतं.

२६ नोव्हेंबर

कड्या वाचण्याचा दिवस. सकाळी दहानंतर पाण्यावर उन्हाची झळ इतकी नाचते की दोनशे मीटरवरचं अक्षरही वाचता येत नाही, त्यामुळे पहाटेच काय ते. निळ्या कडीचे दोन पक्षी, काळ्या कडीचा एक. निळी कडी ब्रिटनची, काळी जर्मनीची. बाकी बहुतेक पक्षी बिनकडीचे.

टॅग असलेल्या पक्ष्यापेक्षा साध्या कडीच्या पक्ष्याची नोंद कमी मोलाची नाही. टॅग थोड्यांनाच लावता येतो. कडी वाचायला मात्र दुर्बीण आणि धीर पुरतो. आमच्याबरोबरचा उद्यानाचा इको-गार्ड हे काम आमच्यापेक्षा चांगलं करतो. कोणता पक्षी कोणत्या खुंटावर बसतो हे त्याला न पाहताच ठाऊक असतं.

८ डिसेंबर, फुंदियूनच्या वरच्या बाजूला

एकोणीस नंबरच्या मागे. ऑक्टोबरात इथे पोचल्यापासून हे पिल्लू एका जागी ठरलेलं नाही. आधी जिफेरच्या बाजूचं सांगोमारचं वाळूचं टोक, मग मधली बेटं, आता नदीच्या वरच्या अंगाला, काओलॅकच्या दिशेनं.

सालूम ही उलटी खाडी आहे. सर्वसाधारण खाडीत समुद्राकडून आत जावं तसं पाणी गोडं होत जातं. इथे आत जावं तसा खारटपणा वाढतो. वरून येणारं गोडं पाणी नगण्य, ऊन प्रखर, त्यामुळे आत आलेलं समुद्राचं पाणी आटत आटत अधिकच खारं होतं. काओलॅकजवळ मिठागरं आहेत ती याचमुळे. १९७०च्या दशकातल्या साहेलच्या, म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातल्या, दुष्काळात हे आणखी वाढलं आणि वरच्या भागातलं कांदळवन मोठ्या प्रमाणावर मेलं. आजही तिथे मैलोन् मैल पांढरट, उघडा, खारवट माळ आहे. कडेला कुठे तिवराची खुरटी झुडपं. खाली, तोंडाकडच्या भागात, दकारच्या ओसेआनियम संस्थेनं गावकऱ्यांना घेऊन लावलेलं कांदळ चांगलं उभं राहिलं आहे, पण इतक्या वर ते तग धरत नाही.

इतक्या खाऱ्या पाण्यात माशांच्या जाती मोजक्याच उरतात. तिलापियाची एक काळ्या हनुवटीची जात समुद्राच्या कितीतरी पट खारटपणाही सोसते, पण मासा लहानच राहतो. एकोणीसला आज आम्ही तो मासा धरताना पाहिलं. हाताच्या पंजाएवढा असेल. त्याआधी कितीतरी झेपा फुकट गेल्या होत्या, आणि त्यानंतरही तो शिकारीला निघाला.

मग तो इथे का? खाली जिथे मासा भरपूर, तिथल्या प्रत्येक चांगल्या खुंटावर एक प्रौढ पक्षी आहे. पिल्लाला कोणी टिकू देत नाही. सात नंबरचे बिंदू तीन ठिपक्यांत मावतात आणि एकोणीसची रेघ सगळ्या त्रिभुज प्रदेशावर पसरली आहे, त्याचं कारण एवढंच. ती रेघ पाहून ‘किती फिरतो हा’ असं कौतुक वाटतं, पण प्रत्यक्षात ते हाकललेल्या पक्ष्याचं भटकणं आहे.

स्कोपमधून डोळा नीट दिसला. प्रौढांचा पिवळाजर्द असतो, याचा अजून नारिंगी आहे.

१९ डिसेंबर

हरमॅटन, सहाराकडून येणारा कोरडा वारा, सुरू झाला. सहाराची धूळ, सूर्य दिवसभर फिकट. टॅगच्या बॅटऱ्या खाली आल्या आहेत. सातची ठीक, एकोणीसची काठावर. अकराचा संदेश आठवडाभर नाही. त्याच्या टॅगवर पाठीची पिसं येतात, ऊन अडतं, हे मागच्या हिवाळ्यातही झालं होतं, पण बावीसनंतर असं गप्प होणं सहन होत नाही. जानेवारीत उत्तरेला जाऊच, डोळ्यांनी पाहू.

३ जानेवारी २०२५

फाट्यात नवी जाळी. सात नंबरच्या झाडापासून हाकेच्या अंतरावर खांब ठोकून आडवी लावलेली, ओहोटीला बाहेर येणारा मासा अडवणारी. म्हणजे तीच वाट, तीच वेळ, तोच मासा.

आमचे नावाडी जन्मापासून याच बेटांवरचे. त्यांच्याकडे विषय काढला तर ते शांतपणे म्हणाले, “समुद्रात पूर्वीसारखं मिळत नाही. ज्यांच्याकडे मोठी होडी नाही ते खाडीत येणारच. तुम्ही त्यांना काय सांगणार?” मला सांगण्यासारखं काही नव्हतं. सार्डिनेला माशाचे साठे अतिमासेमारीनं खालावले आहेत हे सगळे जाणतात आणि त्याचा भार इथल्या लहान मच्छीमारावर पडतो. त्यातच गेल्या जूनपासून सांगोमारच्या समुद्रातल्या क्षेत्रातून खनिज तेल काढायला सुरुवात झाली आहे. या खाडीच्या तोंडासमोर तेल निघतं आहे, ही गोष्ट रोज नजरेसमोर ठेवावी लागेल.

नावाड्यांनी एक काम आपणहून अंगावर घेतलं. जाळी लावणाऱ्या घरांशी बोलून ते मेलेलं झाड तोडू नका असं सांगायचं. ते म्हणाले, “ते झाड तोडून कोणाची चूलही दोन दिवस पेटणार नाही.” असं बोलणं त्यांच्याच तोंडून झालेलं बरं. आम्ही बाहेरचे.

१५ जानेवारी, लोंपूलचा किनारा

पाणपक्ष्यांच्या जागतिक गणनेचे दिवस, त्यामुळे उद्यानाचे लोक सगळीकडे बाहेर पडलेले. आम्ही त्यांच्या गाडीबरोबर लोंपूलहून सेंट-लुईकडे. ओहोटीला पुळणीवरूनच गाडी चालते. एका बाजूला अटलांटिकच्या लाटा, दुसऱ्या बाजूला वाळूचे डोंगर आणि ते सरकू नयेत म्हणून लावलेली सुरूची झाडं, किलोमीटरच्या किलोमीटर.

सालूममधून आल्यावर हे ऑस्प्रे वेगळ्याच जातीचे वाटतात. इथे खुंट नाहीत, फाटे नाहीत. पक्षी उघड्या वाळूवर, वाहून आलेल्या ओंडक्यावर नाहीतर नुसत्या उंचवट्यावर बसतात, एकेकटे, एकमेकांपासून ठरावीक अंतर राखून. लाटा फुटतात त्या पट्ट्याच्या पलीकडे जाऊन मासा धरतात, आणून वाळूवर खातात. खाल्ल्यावर वाळूला चोच पुसतात.

अकरा नंबर सापडला. दुपारी, टॅगच्या शेवटच्या बिंदूपासून थोड्याच अंतरावर, एका फुटक्या होडीच्या नाळेवर. कडी वाचली, टॅग पाठीवर नीट, अँटेना सरळ, पक्षी धडधाकट. टॅगच्या काचेवर पिसं आलेली स्पष्ट दिसत होती. आम्ही पाहत असताना त्यानं मान वळवून पाठ साफ केली, टॅग उघडा पडला. संध्याकाळी मुक्कामावर पोचेपर्यंत महिनाभराचा अडकलेला साठा येऊन पडलेला. महिनाभर त्याच किनाऱ्याचा सहा किलोमीटरचा पट्टा.

गटातल्या सगळ्यांनी एकमेकांना फोन करून सांगितलं. मीही.

१६ जानेवारी, लांग द बार्बारी

ही सेनेगल नदी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची लांब जीभ. २००३ च्या पुरात सेंट-लुई शहर बुडू नये म्हणून तिच्यात चार मीटर रुंदीचा चर खणला. समुद्रानं तो रुंदावत काही किलोमीटरचा केला. दून बाबा दिये नावाचं गाव त्यात गेलं. आम्ही होडीनं त्या उघड्या तोंडावरून गेलो, दोन्हीकडे किनारा लांब. उरलेल्या बेटावर कुरव आणि सुरय, पाण्यात रोवलेल्या जुन्या खांबांवर दोन ऑस्प्रे. एकाला निळी कडी, पण वारा इतका की स्कोप स्थिर राहिना. अक्षरं अर्धवट, नोंद ‘अपूर्ण’ म्हणून टाकली.

२ फेब्रुवारी, तुबाकुता

अमावास्येनंतरचं उधाण. आज दोन टॅग एकाच जागी.

एकोणीस काल संध्याकाळी वरच्या भागातून खाली आला आणि रात्र शिंपल्यांच्या बेटावर काढली, नेमकी सातच्या गोरखचिंचेवर. सकाळी ओहोटी लागताच तो फाट्याच्या तोंडाशी गेला. सात तिच्या झाडावर होती. तिनं आधी आवाज दिला, तीक्ष्ण, तुटक, एकामागून एक. तो सरकला नाही. मग ती निघाली.

आम्ही होडीतून पाहिलं ते मिनिटभराचं होतं: दोन पक्षी कांदळवनावरून खाली-वर, ती सतत त्याच्या वर आणि मागे, एकदा पाय पुढे काढून त्याच्या पाठीवर. मग दोघंही झाडांआड. पुढचं टॅगनं सांगितलं. पाठलाग चार किलोमीटर चालला. दक्षिणेच्या मोठ्या खाडीपाशी ती वळली आणि थेट परत आली. तो थांबला नाही. सीमा ओलांडून गांबियात, न्यूमी राष्ट्रीय उद्यानाच्या कांदळवनात जाऊन बसला. ते जंगल आणि हे जंगल एकच आहे, मधली सीमा कागदावरची.

ती ज्या ठिकाणी वळली तो बिंदू मी नकाशावर वेगळ्या रंगानं केला आहे. तिच्या मनातली हद्द तिथे असावी. डोळे आणि टॅग एकत्र आल्याशिवाय ही गोष्ट कळलीच नसती.

११ फेब्रुवारी

एकोणीस गांबिया नदीच्या मुखापाशी. पुढे आणखी दक्षिणेला तांजीकडे दोन दिवस, परत न्यूमी. बॅटरी चांगली. हरमॅटन ओसरला.

२४ फेब्रुवारी

सकाळी इको-गार्डचा फोन: जाळ्यात ऑस्प्रे. फाट्यातल्या त्याच जाळ्यात, पण आमच्यापैकी कोणी नाही, बिनकडीचा प्रौढ पक्षी. आम्ही पोचेपर्यंत जाळीवाल्या मच्छीमारानं त्याला पाण्याबाहेर काढून, डोक्यावर ओलं फडकं टाकून सावलीत ठेवलं होतं. डोकं झाकलं की पक्षी शांत होतो, हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. स्वतःच्या जाळीचे दोर कापायला सुरीही त्यानंच दिली.

पाय सोडवायला अर्धा तास लागला. इतक्या जवळून ऑस्प्रेचा पाय पाहिला की या पक्ष्याचं सगळं जगणं कळतं. तळव्यावर बारीक काट्यांचे खवले, घसरता मासा धरून ठेवणारे. बाहेरचं बोट पुढेही येतं आणि मागेही जातं, म्हणजे दोन बोटं पुढे, दोन मागे अशी पकड. नख्या गोलाकार आणि लांब. याच नख्या नायलॉनमध्ये अडकल्या की सुटत नाहीत, कारण पक्षी ओढ बसताच पकड आणखी घट्ट करतो. एका बोटाच्या मुळाशी दोरा कातडीत रुतला होता. धुऊन, दोरा काढून, पंख उघडून पाहिले, मोडतोड नाही. तासभर अंधाऱ्या खोक्यात ठेवला आणि मग किनाऱ्यावर सोडला. पहिल्या प्रयत्नात उडाला, जड, पण सरळ.

मच्छीमाराच्या कापलेल्या जाळीचे पैसे आम्ही प्रकल्पातून दिले, इथल्या चलनात, सीएफए फ्रँकमध्ये, पावतीसह. त्यानं आधी नाही म्हटलं. आग्रहानं दिले, कारण पुढच्या वेळी कोणाला तरी पक्षी वाचवायचा की जाळी वाचवायची असं निवडावं लागू नये. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात यासाठी वेगळी तरतूद हवी. हे मी गटाला लेखी मागणार आहे आणि मागे हटणार नाही.

५ मार्च

रमजान सुरू आहे, नावाड्यांचा रोजा. फेऱ्या आता फक्त पहाटेच्या, उन्हाच्या आत परत.

१३ मार्च

अकरा निघाला. काल सकाळी किनाऱ्यावरून उठला, संध्याकाळी मॉरिटानियात, मग नेटवर्क गेलं.

सातची चाल बदलली आहे. आता दिवसातून दोनदा, कधी तीनदा शिकार. मोठा मासा निवडते. छाती भरलेली दिसते. दुपारी उगाच उंच जाते, घिरट्या घालते, परत झाडावर येते. उद्या पौर्णिमा. भरती-ओहोटीचा आणि तिच्या निघण्याचा संबंध आहे असं मला वाटत नाही. उत्तरेचा वारा पडण्याची ती वाट पाहते आहे, असं माझं मत.

१६ मार्च

गेली. सकाळी मासा धरला, पूर्ण खाल्ला, पाय धुतले, झाडावर दोन तास बसली. साडेदहाच्या सुमारास जमीन तापून हवा वर उठायला लागली तशी ती निघाली. गोरखचिंचेवरून गोल फिरत वर, वर, स्कोपमध्येही ठिपका होईपर्यंत, मग पंख न हलवता उत्तरेकडे घसरत. वारा खरोखरच पडलेला होता. इको-गार्डनं वेळ लिहून घेतली. मला डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं, त्यामुळे ती नोंद त्याच्या हस्ताक्षरात आहे.

रात्री टॅगचा शेवटचा बिंदू सेनेगल नदीच्या अलीकडे.

२४ मार्च

सातचा साठा मोरोक्कोतून आला. सहारा सहा दिवसांत. रात्रीचे बिंदू उघड्या वाळवंटात, जमिनीच्या उंचीवर, म्हणजे ती वाळूवर नाहीतर एखाद्या खडकावर झोपली. या सहा दिवसांत तिच्या वाटेत मासा असेल असं पाणी कुठेच नव्हतं. सगळा प्रवास या फाट्यातल्या बोयांवर झाला. अकरा तिच्या पुढे आहे, जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून स्पेनमध्ये. ठिकाणं वेगळी, निघण्याचे दिवस वेगळे, आणि घरटं एक.

२७ मार्च

खाडी आता पिल्लांची. प्रौढ बहुतेक गेले, आणि ज्या खुंटांवर हिवाळाभर एकेक हक्कदार होता तिथे विटलेल्या पिसांचे, नारिंगी डोळ्यांचे पक्षी बसू लागले आहेत. पहिल्या वर्षीचे ऑस्प्रे उत्तरेला जात नाहीत. हा पूर्ण उन्हाळा, पावसाळा, पुढचा हिवाळा ते इथेच काढतात, आणि दोन वर्षांचे होताना पहिल्यांदा परततात.

एकोणीस न्यूमीतून परत आला आहे. सातच्या झाडावर तो एकदा बसला, पण मुक्काम त्यानं दुसरीकडे केला: दोन फाटे पलीकडे, सोडून दिलेल्या जाळीच्या खांबावर. तिथेही अरुंद तोंड आहे, तिथेही ओहोटीला बोय बाहेर येतात. आज त्याची झेप पाहिली. पहिल्याच वेळी मासा, आणि तोही चांगला मोठा. डिसेंबरात मिठागरांपाशी पाहिलेला पक्षी हाच, हे कडी वाचल्याशिवाय खरं वाटलं नसतं.

३० मार्च

उद्या परत. पावसाळ्याची व्यवस्था लिहून ठेवते.

एकोणीसच्या टॅगच्या दोन नोंदींमधला वेळ वाढवला आहे. जुलै ते सप्टेंबर ढग असतात, बॅटरी टिकली पाहिजे, म्हणून दर काही मिनिटांऐवजी तासाला एक बिंदू. इको-गार्ड महिन्यातून दोनदा त्या खांबापाशी जाऊन येईल आणि डोळ्यांनी पाहिलेलंच लिहील. त्याला आमचा जुना स्कोप दिला आहे, तिपाईसह.

तो खांब कोणाचा याची चौकशी नावाड्यांनी केली. पलीकडच्या बेटावरच्या एका कुटुंबाचा आहे. पाऊस संपल्यावर ते तिथे पुन्हा जाळी लावणार आहेत. नावाड्यांचं त्यांच्याशी एकदा बोलणं झालं, अजून ठरलं काही नाही. जाळी थोडी आत, वळणापलीकडे लावली तर चालेल का, एवढाच प्रश्न आहे. बदल्यात नवे खांब आणि ते ठोकण्याची मजुरी प्रकल्पानं द्यावी असं मी सुचवलं आहे. ऑक्टोबरात सात परत येण्याआधी याचं उत्तर हवं, कारण ती आली की एकोणीसला मागे सरकायला तो एकच फाटा आहे.

सातच्या झाडाच्या बुंध्याला तिवराच्या मुळांनी वेढा घातला आहे, पण पाण्याच्या पातळीपाशी लाकूड पोकळ होत चाललं आहे. जवळच एक पर्यायी खांब रोवावा का, यावर गटात दोन मतं आहेत. माझं मत रोवावा असं आहे, आणि तो या पावसाच्या आधी रोवावा. उद्यानाच्या परवानगीचा अर्ज आज दिला.

इको-गार्डकडे दिलेली यादी: बॅटरीची पातळी दर सोमवारी, कड्यांच्या नोंदी लगेच, कोणताही पक्षी जाळ्यात सापडला तर आधी फडकं, मग फोन.